रुसवे काढायची नोकरी

आमचे हे रुसायला लई पटाईत. नाव शेषेराव. नाव घेतलं म्हणून कुणी उखाणा मागू नका, आता ते वय राहिलं न्हाई. एसटीत कंट्रोलर होते. लातूरच्या स्टँडवर खिडकीत बसायचे आणि माईकवरून गाड्या सोडायचे. अहमदपूरची गाडी कुठं लागली, निलंग्याची का आली न्हाई, हे लोकांना ह्यांच्या तोंडून कळायचं. माईकवर बोलणाऱ्याला समोरून कुणी उलटं बोलत न्हाई. आपण बोलायचं आणि लोकांनी पिशव्या घेऊन पळायचं, ही सवय ह्यांच्या अंगात मुरली ती मुरलीच.

आमच्या लग्नातही हे रुसले होते. आता नवरदेवानं पंगतीत रुसायचंच असतं, रीतच हाय ती. सासरा घड्याळ नाहीतर अंगठी देतो, नवरदेव हसून घास घेतो, झालं. माझ्या वडलांनी घड्याळ दिलं. ह्यांनी ते मनगटाला बांधलं आणि रुसवा तसाच ठेवला. का, तर ह्यांच्या चुलतभावाला सासरकडून स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ मिळालं होतं आणि ह्यांचा पट्टा चामड्याचा निघाला. माझी आई पदरानं डोळे पुसून राहिली होती आणि मी बाशिंगाच्या आडून बघत होते की आपलं नशीब कसं दिसतं. असं दिसलं.

नंतर तर मोजदादच न्हाई. मुरुडच्या लग्नात पत्रिकेवर ह्यांचं नाव पुतण्याच्या खाली छापलं होतं, म्हणून हे मांडवाबाहेर रसवंतीवर जाऊन बसले आणि वऱ्हाड जेवून उठेस्तोवर रस पीत राहिले. एका बारशाला आम्हाला स्टँडवर घ्यायला गाडी आली न्हाई, म्हणून हे आलो त्याच एसटीनं परत फिरले. कंडक्टर ओळखीचा, त्यालाही काही वाटलं न्हाई. माणूस नाराज होतो, समजूत काढली की उतरतो. ह्यांची समजूत काढायला जावं तर हे आणखी दोन पायऱ्या वर चढून बसायचे.

पण त्यातला एक रुसवा मला लई महागात पडला. माझा धाकटा भाऊ भागवत अहमदपूरला असतो. त्यानं नवीन घर बांधलं, वास्तुशांत केली. जावयांना कपडे करायचे होते. मी थोरली, म्हणजे पहिला मान ह्यांचा. पण माईक धरलेल्या कुण्या शहाण्यानं आधी नाव पुकारलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या, साखराच्या नवऱ्याचं. ते नांदेडचे, बँकेत हायत, पांढरे कपडे घालत्यात. त्या शहाण्याला तेच थोरले वाटले असतील. भागवत धावत आला, हात जोडले, चूक झाली दाजी म्हणला. हे पानावरून उठले. पानात पुरणपोळी, तिच्यावर तूप. तसंच सोडून चालायला लागले आणि त्यांच्या मागं मी. त्या दिवसापासून अहमदपूर बंद.

बंद म्हणजे काय, तर ह्यांचं बंद. मग माझंही बंद. नवऱ्यानं उंबरा सोडला तर बाईनं कोणत्या तोंडानं जायचं, असं सासूबाई म्हणायच्या, आणि सासूबाई गेल्यावर हे वाक्य ह्यांनी घेतलं. मी लपून फोन करायचे. आई आजारी पडली, अंथरुणावर पडून माझं नाव घेऊन 'केवळा कधी येती' असं विचारायची, तेही मला फोनवरच कळायचं. गेले ती मयतीलाच. हे स्मशानापर्यंत आले, लांब लिंबाखाली उभे राहिले आणि तिथूनच फिरले. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि ह्यांचा फोन आला, येतीस का राहतीस तिथंच. मी आले. दहाव्याला न्हाई गेले, तेराव्याला न्हाई गेले. दहाव्याच्या दिवशी घरी वरणभात केला आणि हे म्हणले, वरणाला फोडणी कमी हाय.

असो. राग येतो, बोलत बसले की.

हे रिटायर झाले आणि माझे हाल सुरू झाले. स्टँड सुटलं पण कंट्रोलर सुटला न्हाई. सकाळी ओट्यापाशी येऊन उभे. कुकर लावला का, शिट्टी कधी होणार, भाजी कालच्यापेक्षा लेट हाय. दूधवाला उशिरा आला की त्याला कारण विचारायचे. मुलगा हरिओम पुण्याला, सून नोकरीवाली, त्यांना फोन करून त्यांचा डबा किती वाजता निघतो ते विचारायचे. सून गुणाची, तिनं नंबर बघून फोन उचलायचं बंद केलं. ह्यावर हे रुसले. मी म्हणले, अहो, काहीतरी काम बघा. अर्ध्या दिवसाचं बघा. पूर्ण दिवसाचं मिळालं तर माझी हरकत न्हाई.

हे निघाले काम शोधायला. पेट्रोल पंपावर गेले, तिथं मालकानं वय विचारलं. वय विचारलं म्हणून परत आले. एका पतसंस्थेला राखणदार पायजे होता, तर मॅनेजर उभ्या उभ्या बोलला, बसा म्हणला न्हाई. आमच्या लातूरला शिकायला आलेल्या पोरांची हॉस्टेलं गल्लोगल्ली हायत, त्यातल्या एकाला वॉर्डन पायजे होता. ते काम मिळालं. हे आठवडाभर टिकले. सकाळी पोरं पुस्तकात डोकं घालून ह्यांच्यासमोरून जायची आणि नमस्कार करायची न्हाईत. ती बिचारी परीक्षेच्या धास्तीनं स्वतःच्या आईबापालाही ओळखत नव्हती, ह्यांना काय ओळखणार. हे रुसून घरी आले. मालकाचा फोन येईल म्हणून वाट बघितली. मालकाला दुसरा वॉर्डन मिळाला होता.

मग महादेवीच्या पोराचं लग्न आलं. महादेवी आमच्या शेजारीण, भिंतीला भिंत. लग्न होतं औसा रोडकडच्या सिद्धम्मा मंगल कार्यालयात. सत्काराच्या वेळी नगरसेवकाला शाल, सरपंचाला शाल, सोसायटीच्या चेअरमनला शाल. आमच्या ह्यांचं नाव येता येता शाली संपल्या. हे उठले. मी उठले न्हाई, मला आता कंटाळा आला होता. मठ्ठा चांगला होता, तो पीत बसले.

पुढचं मला ह्यांनीच नंतर सांगितलं, ते सांगते. हे गेटपाशी गेले. तिथं खुर्ची टाकून कार्यालयाचे मालक बसले होते, मल्लिनाथअप्पा. मूळचे उदगीरचे, भुसाराचे व्यापारी, कपाळाला विभूती. कार्यालयाला आईचं नाव दिलेलं. अप्पांनी ह्यांना निरखून बघितलं आणि म्हणले, "साहेब, जायचं हाय का थांबायचं हाय?"

"जायचं हाय," हे म्हणले.

"जाणारा माणूस चप्पल घालतो आणि जातो. तुम्ही मघापासून पट्टा काढून लावून राहिलाव. आणि उभे राहिलाव ते बरोबर दिव्याखाली. आतून कुणी शोधायला आलं तर दिसावं म्हणून."

 अप्पांनी दुसरी खुर्ची मागवली. म्हणले, "माझं निम्मं आयुष्य ह्या गेटवर गेलं. रुसलेली माणसं लई बघितली, पण तुमच्यासारखं शिस्तीत रुसलेलं बघितलं न्हाई. ऐका माझं. माझ्याकडं भांडी हायत, गाद्या हायत, जनरेटर हाय. रुसवे काढणारा माणूस तेवढा न्हाई. सकाळच्या लग्नात कुणाचा तरी मामा रुसतो, मुहूर्त टळतो, पंगत लांबती, आणि संध्याकाळचं वऱ्हाड येऊन दारात उभं राहतं. लोक माझ्या नावानं बोंबलत्यात. येता का कामाला? मुहूर्ताच्या दिवशी तेवढं यायचं. बाकी दिवस घरी."

हे म्हणले, विचार करून सांगतो. अप्पा म्हणले, विचार करा, पण इथं रुसायचं न्हाई. ड्यूटीवर रुसला की नोकरी गेली.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणत्यात ते खोटं न्हाई. ह्यांनी ते काम असं धरलं की जणू जन्मभर त्याचीच तयारी करून राहिले होते. पांढरा नेहरू शर्ट, वर बंडी, छातीला कार्यालयाचा बिल्ला. जाताना अत्तर. मला म्हणायचे, केवळा, लोकांना रुसवा म्हणजे एकच वाटतो, तसं न्हाई. गेटपाशी उभा हाय त्याला फक्त हाक पायजे. गाडीत बसलाय पण काच खाली हाय, त्याला मिन्नतवारी पायजे. काच वर केलीय त्याला घरातलं म्हातारं माणूस लागतं. मोटरसायकल चालू करून नुसता बसलेला हाय त्याच्यापाशी जायचंच न्हाई, पेट्रोल जाळायला लागलं की आपोआप उतरतो. आणि जेवून रुसलेला माणूस रुसलेलाच नसतो, त्याच्या हातात पान द्यायचं आणि निघायचं.

एकदा मी स्वतः बघितलं. हे डबा विसरले होते, मी द्यायला गेले. बिलोलीकडचं वऱ्हाड होतं. नवरदेवाचा मामा जीपमध्ये फुगून बसला होता, का तर व्याह्यांना कपबशीत चहा आणि ह्याला कागदी कपात. मुलीचा बाप हात जोडून जोडून दमला होता. आमचे हे गेले, विचारलं न्हाई काही, सरळ जीपमध्ये मामाच्या शेजारी बसले. म्हणले, "चूक झाली. शंभर टक्के चूक झाली. तुमच्या जागी मी असतो तर आत्तापर्यंत बिलोली गाठली असती. तुम्ही थांबलाव, हा तुमचा मोठेपणा हाय." मामा चपापला. त्याला भांडायला माणूस पायजे होता, इथं तर वकील भेटला. हे पुढं म्हणले, "तुमच्याशिवाय ह्या मांडवाला काय शोभा? अंतरपाट धरायला जाणतं माणूस लागतं, भटजी तुमचंच नाव घेऊन राहिलेत." भटजींना ह्याचा पत्ताही नव्हता. मामा उतरला, बाहीनं तोंड पुसलं आणि आत गेला. मुलीच्या बापानं आमच्या ह्यांचे पाय धरले.

मी डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिले. मनात आलं, एवढं गोड बोलता येतं ह्या माणसाला. इतकी वर्षं ते कुठं ठेवलं होतं कुणास ठाऊक.

कारण घरी तर तेच. बाहेर दुसऱ्याचे रुसवे काढून यायचे आणि घरात येऊन मिठावरून रुसायचे. मी म्हणायचे, अहो, तुमचंच औषध तुम्ही घ्या की. तर म्हणायचे, ती नोकरी हाय. घरी येऊनही नोकरी करू का? वर माझ्यापुढं सराव करायचे. आरशात बघून म्हणायचे, 'तुमच्याशिवाय ह्या मांडवाला काय शोभा.' मी भाकरी थापत ऐकायचे. सगळी वाक्यं मला पाठ झाली. आजूबाजूला ह्यांना आता कार्यालयातले काका म्हणत्यात, कुठं काही बिनसलं की बोलावणं येतं. भागवतला मात्र मी ह्या नोकरीचं काही सांगितलं न्हाई. काय सांगायचं? तुझे दाजी लोकांचे रुसवे काढत्यात, असं सांगितलं असतं तर तो हसून हसून पडला असता, आणि मला ते हसू सहन झालं नसतं.

अशात पुनमचं लग्न ठरलं. पुनम भागवतची लेक. तिचं नाव मी ठेवलेलं. पाळण्यात तिच्या कानात कुर्र केलं ते मी, आत्याचा मानच असतो तो. तेव्हा अजून सगळं चांगलं होतं. नंतर तिला मी मोठी होताना बघितलं ते मोबाईलवरच. पोरगी फोनवर म्हणली, आत्या, तू येणार ना? मी म्हणले, येते बाई. म्हणले खरं, पण कसं जायचं ते मला ठाऊक नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. साडी नको, मान नको, फक्त तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या.

पत्रिका आली ती मोबाईलवर. ह्यांनी चष्मा लावून बघितली आणि चष्मा काढून ठेवला. "जावयाला पत्रिका मोबाईलवर. कुंकू न्हाई, अक्षता न्हाई, दारात माणूस न्हाई. जायचं न्हाई." विषय संपला. पण पत्रिकेतलं खालचं मी वाचलं आणि मला कळेना हसावं का रडावं. नवरदेवाकडचे लातूरचे, म्हणून लग्न लातुरात, आणि स्थळ सिद्धम्मा मंगल कार्यालय. त्या दिवशी ह्यांची ड्यूटी.

ह्यांनी अप्पांकडं सुट्टी मागितली. अप्पा म्हणले, दाट तिथ आणि सुट्टी? जमायचं न्हाई. मग ह्यांनी ठरवलं की दिवसभर मागं भटारखान्याकडं थांबायचं, मांडवात तोंड दाखवायचंच न्हाई. मी म्हणले, आणि मी? तर म्हणले, तू घरी.  रात्री पोळ्या लाटल्या, त्यातल्या दोन करपल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पांनी ह्यांना बोलावलं. खुर्चीत बसवलं, चहा दिला, म्हणले, "उद्याच्या पार्टीचं एक काम हाय. अहमदपूरचे लोक हायत. मुलीच्या बापाच्या घरचा थोरला जावई, बहिणीचा नवरा, लई वर्षांपासून रुसलाय. आजवर कुणाला दाद दिली न्हाई. बाप माझ्यापुढं रडला हो. म्हणला, तुमच्याकडं असा माणूस हाय म्हणून ऐकलंय, त्याला धाडा. बहीण आणि दाजी दोघांना घेऊन या. राहायला इथंच हायत, लातुरात." असं म्हणून अप्पांनी पत्ता सांगितला. आमची गल्ली, पाण्याच्या टाकीमागची, निळ्या दाराचं घर.

ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

अप्पा गंभीर तोंड करून म्हणले, "नावही तुमच्यासारखंच हाय, शेषेराव. अवघड माणूस हाय म्हणत्यात. जमेल ना? न जमलं तर सांगा, मी दुसरा माणूस बघतो. उद्यासाठीही आणि पुढंही."

त्या रात्री हे जेवले न्हाईत, पण रुसलेलेही नव्हते. नुसते पंख्याकडं बघून राहिले. सकाळी आंघोळ केली, नेहरू शर्ट, बंडी, बिल्ला, अत्तर, आणि बाहेर गेले. मला वाटलं गेले भटारखान्यात. तर थोड्या वेळानं दारावर टकटक. उघडते तर हेच. उंबऱ्याबाहेर उभे, हातात नारळ आणि पुडीत अक्षता. म्हणले, "शेषेराव हायत का घरात?"

मी म्हणले, डोकं फिरलं का तुमचं?

हे आत आले आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे कडेला बसले. मग मला सगळं सांगितलं, अप्पा काय म्हणले, भागवत कसा रडला. सांगता सांगता सूर बदलला. म्हणले, "आता बघ, भागवतनं माणूस धाडला. नारळ घेऊन माणूस दारात आला. दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं? आपल्यात ते बसत न्हाई. झालं गेलं, शेवटी आपलीच माणसं हायत. चल, तयारी कर."

मी चहा ठेवला होता तो अजून उकळला नव्हता. तेवढ्यात झालं. इतक्या वर्षांचा रुसवा, ज्याच्यापायी माझी आई माझी वाट बघत गेली, तो चहा उकळायच्या आत निघाला. ह्यांनीच काढला, ह्यांचाच काढला, आणि वर खूश होऊन मिशीवरून हात फिरवला.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी गॅस बंद केला आणि म्हणले, "तुम्ही जा. मी येत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे येत न्हाई."

ह्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग वाटलं साडीचा प्रश्न असेल. मग हे आपल्या कामाला लागले, सवयच ती. माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणले, "चूक झाली. शंभर टक्के चूक झाली."

मी म्हणले, "पुढचं मी सांगते. तुमच्या जागी मी असतो तर बिलोली गाठली असती."

हे पुढच्या वाक्यावर गेले, "तुझ्याशिवाय त्या मांडवाला..."

"काय शोभा," मी म्हणले. "अंतरपाट धरायलाही बोलवा आता."

सगळी वाक्यं संपली. हे उठून खिडकीपाशी गेले, परत आले. मी तोवर बोलायला लागले होते. आवाज चढवला न्हाई. म्हणले, तुमचं नाव उशिरा पुकारलं म्हणून तुम्ही रुसलाव, आणि मला कुणी पुकारलंच न्हाई, ना तुम्ही ना माझ्या भावानं. आई 'केवळा कधी येती' विचारत गेली. तिच्या दहाव्याला मी इथं वरण केलं. ते वरण तुम्ही खाल्लं आणि फोडणी कमी म्हणलाव. तुमचा रुसवा जर एवढाच होता, नारळाएवढा, तर तेव्हा का न्हाई काढला? तेव्हा कुणी बिल्ला दिला नव्हता म्हणून?

हे तोंडावर कुणी मारल्यासारखे उभे राहिले. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. अप्पांचा आवाज मला इथं ऐकू येत होता. "निघालाव का? मुहूर्त जवळ आला. जावई आला का?"

"जावई तयार हाय अप्पा," हे म्हणले. "त्या घरची लेक न्हाई म्हणती."

"मग समजूत काढा की. तुमचं कामच हाय ते."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तोंड फिरवलं आणि हळू आवाजात म्हणले, "हा खरा रुसवा हाय अप्पा. असला मी आजवर बघितला न्हाई. माझ्यानं न्हाई निघायचा. तुम्ही दुसरा माणूस बघा."

माईकवर बोलणारा माणूस हा. जन्मात कधी 'माझ्यानं होत न्हाई' म्हणला नव्हता. फोन ठेवला, बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि खाली जमिनीवर बसले. नोकरी गेली असं ह्यांनी धरलंच होतं. माझ्याकडून काही मागत नव्हते. नुसते बसले होते, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की ह्या माणसाला कळलंय.

मी उठले. कपाटातली जांभळी इरकल काढली. हे वर बघायला लागले तर मी म्हणले, "तुमच्यासाठी न्हाई. पुनमला मी येते म्हणलेय. माझा रुसवा माझ्यापाशी राहू द्या, मी तो घेऊनच येते."

रिक्षानं निघालो. कार्यालयाच्या गेटवर अप्पांनी ह्यांच्या रिकाम्या बंडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि उठून मला नमस्कार केला. ह्यांना म्हणले, आवारात नवरदेवाचे काका गाडीची काच वर करून बसलेत, बघा जरा. म्हणजे नोकरी होती. हे तसेच तिकडं गेले.

भागवत धावत आला. दाढी पांढरी झालेली, लेकीच्या लग्नाचा फेटा एका बाजूला कललेला. माझ्या पाया पडला. म्हणला, "ताई, आलीस. दाजी पण आले. लई उपकार झाले बघ त्या माणसाचे. कोण हाय तो? त्याला पूर्ण पोशाख करायचा माझ्याकडून."

मी बोट दाखवलं. लांब गाडीपाशी आमचे हे वाकून काचेतून बोलत होते. भागवत बघतच राहिला, मग असा हसला, असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. मी हसले न्हाई. म्हणले, "भागवत, तू का न्हाई आलास रे? अहमदपूर काही लंडन हाय का? बहिणीला आणायला भाऊ येतो. तू पैसे देऊन माणूस धाडलास. आणि एवढ्या वर्षांत एकदा तरी?"

भागवतचं हसू थांबलं. त्यानं फेटा नीट केला. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, खोटं न्हाई बोलत. माझ्या तोंडाकडं बघून, अगदी लहानपणी विचारायचा तसं त्यानं विचारलं, "ताई, तू पण रुसली होतीस?"

तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या हातात कुणीतरी अक्षता दिल्या. समोर पुनम उभी होती, मान खाली घालून, आणि मला ती धड दिसेना. मी पदर तोंडाला लावला, तरी हुंदका बाहेर आलाच. बाजूच्या बायका एकमेकींना म्हणल्या, आत्या हाय, रडणारच. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणली, बाई, सगळ्याच लेकी जात्यात.